बाळासाठीच चाललोय आम्ही

सुरुवात एका वाक्याने करायची आहे आणि ते आरशासमोर उभं राहून घोटून घ्यायचं आहे: "आमचं काय हो, बाळासाठीच चाललोय आम्ही." रजेचा अर्ज टाकताना, पुण्याला फोनवर बोलताना, क्रेडिट कार्डाचं बिल उघडताना हेच म्हणायचं. आवाजात थोडी कुरकुर असावी, जणू तुम्हाला घरीच बसायचं होतं. समोरच्याला सगळं माहीत असतं. बाळ जेमतेम वर्षाचं आहे, त्याच्या लेखी घरातलं मांजर, टीव्हीवरचा सिंह आणि शेजारचे काका हे तिघेही 'भूभू' आहेत आणि मिकी माऊसशी त्याला काडीचं कर्तव्य नाही. तरी समोरचा गप्प राहतो. तोही आपलं बाळ घेऊन असाच जाऊन आलेला असतो.

ही मार्गदर्शिका मुख्यतः न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांत राहणाऱ्या मराठी आईबाबांसाठी आहे. त्यांच्याकडे त्या उन्हाळ्यात आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. नायगारा झालेला असतो, न्यूयॉर्क झालेलं असतं, देऊळ दर रविवारी होतंच. 'आता कुठे?' हा प्रश्न चहाच्या वेळी घरात फिरू लागला की ऑरलँडो अटळ आहे असं समजावं.

फुकटाचा हिशोब

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानातही २ वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून फुकट नेता येतं. इथे आजोबा विचारतील, "तीन पूर्ण, की तिसरं लागलं की संपलं?" तीन पूर्ण होईपर्यंत चालतं, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळतो आणि सहल तिथेच ठरते. 'मोठं झालं की तिकीट पडेल, त्यापेक्षा आत्ताच उरकून घेऊ' या युक्तिवादाला मराठी घरात आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. मोठ्यांच्या एका दिवसाच्या तिकिटाला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात, मोठी माणसं चार, वर विमान, हॉटेल, भाड्याची गाडी आणि गाडीत कारसीट. एवढं सगळं एक तिकीट वाचवण्यासाठी. आजोबांना हा आकडा रुपयांत सांगू नये. तो गुणाकार ते मनातल्या मनात करतातच आणि मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसतात.

कधी जावं, याबद्दल सल्ला देणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. वर्षाच्या बाळाला शाळा नसते, त्यामुळे गर्दी नसेल तेव्हा जावं. प्रत्यक्षात रजा मिळते तेव्हाच जाणं होतं आणि ती सगळ्या अमेरिकेला एकदमच मिळते. जून ते सप्टेंबर तिथे दुपारपर्यंत अंगाची लाही होते आणि दुपारनंतर बरेचदा गडगडाटी पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. हा पाऊस वेळेचा पक्का आहे; बाळ झोपलं की येतो.

उग्र वास

डिस्नेमध्ये बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई नाही, ही बातमी आजींना प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी कळता कामा नये. नियम असे आहेत: काचेची भांडी नकोत (बाळाच्या खाण्याची छोटी बाटली चालते), गरम करावे लागतील असे पदार्थ नकोत आणि उग्र वासाचं काही नको. या शेवटच्या कलमावर घरात एक अख्खी संध्याकाळ जाते.

"लसणाची चटणी उग्र वासात येते का?"

येते.

"आणि मेतकूट?"

इथे ही मार्गदर्शिका हात टेकते. सुरक्षा तपासणीच्या टेबलापलीकडे उभ्या असलेल्या फ्लोरिडातल्या तरुणाला मेतकूट उग्र वाटेल की औषधी, हे तो डबा उघडल्याशिवाय सांगता येत नाही. शक्यतो आजींनाच पुढे करावं. त्या हसून झाकण लावतात आणि तोही हसून "हॅव अ मॅजिकल डे" म्हणतो.

बाळासाठी मऊ भात थर्मासमध्ये, नाचणी सत्त्वाची पुडी, केळं, सिपर, वाइप्स, डायपर (मोजून घ्याल त्याच्या दुप्पट), कपड्यांचे जोड, टोपडं. तुमच्यासाठीही एक जादा शर्ट घ्या. तो लागतो आणि सकाळीच लागतो. पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. जिथे सोड्याचं यंत्र आहे अशा काउंटरवर बर्फाचं पाणी पेलाभर मागितलं तर फुकट देतात. ही माहिती मात्र आजोबांना जरूर द्या. पुढचा सगळा दिवस ते सगळ्यांना पाणी आणून पाजतात आणि त्यांचं मन रमतं.

बाबागाडीला मापाची अट आहे: रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच, याहून मोठी चालत नाही. ओढायच्या वॅगन तर २०१९पासून बंदच आहेत. गाडी मापात बसली तरी खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक राइडबाहेर गाडी लावून आत जावं लागतं आणि तुम्ही आत असताना तिथले कर्मचारी गाड्या शिस्तीत लावायच्या म्हणून इकडच्या तिकडे करतात. बाहेर आल्यावर समोर दीडशे काळ्या गाड्या आणि कडेवर भुकेलं बाळ असा प्रसंग उभा राहतो. उपाय जुना आहे: आजींच्या एखाद्या जुन्या साडीचा काठ फाडून दांड्याला बांधावा. इरकली असेल तर लांबूनही दिसतो. उन्हासाठी गाडीवर जाड चादर टाकू नका, आतली हवा कोंडून तापते. चिमट्याने लावायचा छोटा पंखा मिळतो, तो लावा.

विमानाबद्दल फार लिहीत नाही. नेवार्कहून तीनेक तास लागतात. विमान वर चढताना आणि खाली उतरताना बाळाला प्यायला द्यायचं, म्हणजे कान दुखत नाहीत. मधल्या वेळात पुढच्या सीटवरच्या प्रवाशाची माफी मागायची.

पोचलो म्हणजे पोचलो नव्हे

वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं आवार सुमारे ४० चौरस मैलांचं आहे आणि त्यात चार वेगवेगळे पार्क आहेत. नवशिक्यांनी मॅजिक किंगडमपलीकडे बघू नये. १ ऑक्टोबर १९७१ला सगळ्यात आधी उघडलेला तोच आणि अंगाखांद्यावरच्या मुलांसाठी सगळ्यात जास्त सोय त्यातच आहे. मात्र गाडी लावली म्हणजे पार्क आला असं होत नाही. वाहनतळ आणि फाटक यांच्यामध्ये चक्क एक तळं आहे. ते फेरी बोटीने किंवा मोनोरेलने ओलांडायचं. बोट निवडा, बाबागाडी मिटवावी लागत नाही. पलीकडच्या काठावर सिंड्रेलाचा किल्ला दिसू लागतो, आजी "अगं बाई, खरंच की!" म्हणतात, आजोबा मोबाइल आडवा धरतात आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते बाळ नेमकं याच क्षणी झोपतं. उठवू नका. किल्ला कुठे जात नाही.

आत गेल्यावर 'पहिलीच भेट' असं लिहिलेले बिल्ले फुकट मिळतात. बाळासाठी एक मागायला जावं आणि पाच आणावेत. बाळ तो बिल्ला तोंडात घालतं, म्हणून तो काढून ठेवावा लागतो. आजोबांचा पुढे एडिसनला परत येईपर्यंत शर्टावर असतो.

उंचीचा प्रश्न

वर्षाच्या बाळाची उंची साधारण २९-३० इंच भरते. बार्नस्टॉर्मर या छोट्यांच्या रोलर कोस्टरला ३५ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४, ट्रॉनला ४८. म्हणजे ज्या राइड्सच्या जाहिराती बघून तुम्ही आलात, त्या सगळ्या बाळाला बंद. तुम्हाला मात्र उघड्या आहेत आणि इथेच पाठ केलेल्या वाक्याची कसोटी लागते. त्यावर 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने रांगेत उभं राहून राइड घ्यायची आणि मग धरणाऱ्याने रांगेशिवाय जायचं. या सोयीमुळे नवरा-बायको दिवसभरात एकमेकांना बाळ देताघेताना तेवढे भेटतात. केस विस्कटलेला येतो, केस नीट असलेला जातो.

"अहो, आम्ही आहोत ना धरायला," असं आजी म्हणतील. विश्वास ठेवा, पण आजोबांवर लक्ष असू द्या. ते स्पेस माउंटनच्या दारावरचा रक्तदाब, हृदयविकार, पाठ, मान अशी यादी असलेला फलक मोठ्याने पूर्ण वाचतात आणि तरी रेंगाळतात. त्यांना शेजारच्या पीपलमूव्हरमध्ये बसवा. १९७५पासून चालू असलेली ही उंचावरची संथ गाडी आहे, उंचीची अट नाही, वारा लागतो, बाळालाही नेता येतं. मुख्य म्हणजे ती वाटेत स्पेस माउंटनच्या इमारतीतूनच जाते. आजोबा पुढे जन्मभर 'आम्ही स्पेस माउंटनच्या आतून जाऊन आलो' असं सांगू शकतात आणि त्यात खोटं काही नाही.

जादा पैसे भरून रांग टाळायची 'लाइटनिंग लेन' ॲपवर मिळते. ही कल्पना ज्येष्ठांना समजावून सांगावी लागत नाही. "तिरुपतीला तीनशेचं असतं तसं," असं म्हणून आजोबा मोकळे होतात. घ्यायची की नाही ते तुमच्या खिशावर. माझं विचाराल तर वर्षाच्या बाळाबरोबर रांग टाळण्यात नुकसान आहे. रांगेच्या कडेला लोंबणाऱ्या साखळ्या असतात. बाळ त्यातली एक कडी पकडतं, सोडतं, ती हलते, मग थांबते, मग ते पुन्हा पकडतं. रांग पुढे सरकली की नवी कडी येते. पाऊण तास रडण्याचा आवाज येत नाही. दारापाशी पोचल्यावर ओरडा सुरू होतो, कारण साखळी संपलेली असते.

बाळाला चालतील अशा राइड्समध्ये 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' पहिल्या नंबरावर ठेवा. मुळात १९६४-६५च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली ही नावेतली सफर. दहाएक मिनिटं नाव संथ पाण्यातून जाते, दोन्ही काठांवर देशोदेशीच्या बाहुल्या नाचत असतात आणि एकच गाणं अथपासून इतिपर्यंत वाजत राहतं. ते नंतर आठवडाभर डोक्यातून जात नाही, तेवढी मानसिक तयारी ठेवा. बाळाला मांडीवर समोर तोंड करून बसवा. शेकडो बाहुल्या, दिवे, रंग यांतून त्याची नजर पुढच्या बाकावर बसलेल्या बाईच्या केसांतल्या चापावर स्थिरावते आणि नाव धक्क्याला लागेपर्यंत तिथेच राहते. आजींना मात्र आपला देश शोधायचा असतो. "आला का? गेला का? तो बघ, ताजमहाल!" तोवर नाव वळलेली असते. पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. बाळासाठीच.

बाळ आणि उंदीरमामा

मिकीशी भेट ठरवली असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. चित्रातला मिकी इवलासा असतो, इथला मोठ्या माणसाएवढा असतो, त्याचं डोकं टाकीएवढं असतं आणि पापणी न लववता तो हसत असतो. वर्षाच्या मुलाने याला बघून भोकाड पसरणं हे त्याची बुद्धी शाबूत असल्याचं लक्षण आहे. बाळाला त्याच्या हातात देऊ नका. सहा फूट लांबून आपण टाटा करायचा, बाळाच्या मुठीने करवायचा, फोटो काढायचा आणि निघायचं.

फोटोच्या आधी आजी बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात. इतक्या लोकांत आणलंय, दृष्ट लागणारच. तिथला फोटोग्राफर फार तत्पर असतो. "देअर्स अ लिटल समथिंग ऑन हर चीक," असं म्हणत तो स्वतःहून वाइप पुढे करतो. आजी आभार मानून तो वाइप पर्समध्ये ठेवतात, पुढे कामाला येईल म्हणून. तीट जागच्या जागी राहते. फोटो नंतर पैसे भरून घ्यायचे असतात आणि प्रत्येक फोटोत बाळ चौकटीबाहेरच्या एका बदकाकडे बघत असतं.

जावळ

हा भाग नीट वाचा, कारण बाकीच्या मार्गदर्शिकांत तो सापडणार नाही. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर, फाटकातून आत शिरल्याशिरल्या, हार्मनी बार्बर शॉप नावाचं खरोखरचं केशकर्तनालय आहे. बाळाचे केस पहिल्यांदा कापायचे असतील तर तिथे विशेष थाट असतो: 'माझा पहिला हेअरकट' असं लिहिलेली कानवाली टोपी, प्रमाणपत्र, केसांवर चमकी. ही माहिती तुम्ही रात्री हॉटेलवर सहज वाचून दाखवता.

"म्हणजे जावळ," आजी म्हणतात, आणि खोलीत शांतता पसरते.

जावळ म्हटलं की मामाची मांडी हवी. मामा कोथरूडला. महिना विषम हवा. बाळाला तेरावा चालू आहे, ते जमलं. ऑरलँडोत सकाळचे दहा म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात, म्हणजे मामा ऑफिसातून येऊन भेळ खात असणार. व्हिडिओ कॉलवर मामाची मांडी धरता येईल का, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. धरता येईल असं ठरतं.

दुसऱ्या दिवशी न्हावी अतिशय गोड माणूस निघतो. तो बाळाच्या हातात खेळणं देतो, गाणं म्हणतो आणि कात्रीने कानांच्या मागच्या चार बटा अलगद उतरवतो. चमकी टाकतो. आरसा धरतो. टाळ्या होतात.

"बाकीचे?" आजी विचारतात.

तुम्ही भाषांतर करू नका. आजींच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत गोटा आहे आणि न्हाव्याच्या डोळ्यांसमोर कौतुक. फोनच्या पडद्यावर मामा मांडी घालून बसलेला आहे आणि "झालं? मी उठू?" असं विचारतोय. अशा वेळी 'खरं जावळ दिवाळीत पुण्याला, हे नुसतं नमुन्यादाखल' असं जाहीर करून टाकावं. आजी चारही बटा रुमालाच्या गाठीत बांधतात, प्रमाणपत्र आजोबा घडी न घालता हातात धरून दिवसभर हिंडतात आणि कानवाली टोपी बाळ काढून फेकतं. ती उचलायची, पुन्हा घालायची नाही.

खाणं, झोप आणि गारवा

बुफे असलेल्या ठिकाणी ३ वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत. मेन स्ट्रीटच्या टोकाच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विनी द पूह टेबलापाशी येऊन भेटतो. मिकीपेक्षा हा बरा, निदान गुबगुबीत आहे. बाळ तिथे मूठभर साधा पास्ता आणि एक कागदी नॅपकिन खातं. नॅपकिन काढून घ्या.

त्याच्या शेजारीच बेबी केअर सेंटर आहे. तिथे अंगावर पाजायला आडोसा आहे, उंच खुर्च्या आहेत, कपडे बदलायची टेबलं आहेत, डायपर विकत मिळतात आणि मायक्रोवेव्ह आहे, म्हणजे मऊ भात ऊन करून घेता येतो. डुलत्या खुर्च्या आहेत. गारवा आहे. अख्ख्या पार्कात एवढी शांत जागा दुसरी नाही. तिथे बसलेले वेगवेगळ्या देशांतले आईबाप एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. तुमची पाळी झाली तरी निघण्याची घाई करू नका. 'बाळाचा डोळा लागतोय' एवढं पुरतं. बाबांचा घोरण्याचा आवाज आला तर तेवढं कोपराने ढोसावं.

रात्री किल्ल्यावर आतषबाजी असते. आवाज मोठा असतो, बाळाच्या कानांवर लावायचे जाड मफ मिळतात, ते सकाळीच बॅगेत टाका. शहाणपण म्हणाल तर सातला परतावं. परतत मात्र कुणीच नाही. आतषबाजी संपली की सगळा जमाव बोटीकडे वळतो आणि त्या लोंढ्यात आजी दर दहा पावलांवर मागे वळून माणसं आणि पिशव्या मोजतात.

दुसरा पार्क

पुढचा दिवस ठरलेला नसावा. तुम्ही तो ठरवलेला असणार: एपकॉट, किंवा ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या हॉटेलात खिडकीतून जिराफ बघत नान आणि चटण्या. ते राहून जातं. बाळाने रात्री अंगावर, उशीवर आणि आजोबांच्या एकुलत्या एक बर्म्युडावर पास्ता परत केलेला असतो, म्हणून कपडे धुवायला हॉटेलच्या लाँड्रीत जावं लागतं.

बाळाला सोबत न्या. ड्रायरसमोर फरशीवर टॉवेल घालून बसवा. गोल काचेमागे आजीचा गाऊन वर जातो, खाली पडतो, मागून लाल मोजा येतो, मग टोपडं, मग पुन्हा गाऊन. बाळ दोन्ही हात काचेवर टेकवतं. काच कोमट असते. लाल मोजा आला की ते दर वेळी किंचाळून हसतं आणि आजोबांकडे बघतं, त्यांनीही बघितलं ना म्हणून. इथे उंचीची अट नाही, ॲप लागत नाही, फोटोग्राफर नाही. दारात एक गुजराती कुटुंब कपड्यांची टोपली घेऊन नंबर लागण्याची वाट बघत उभं असतं, त्यांचंही कडेवरचं वर्षाचंच असतं. त्यालाही खाली बसवू द्या, काचेला जागा पुष्कळ आहे.

फक्त, यंत्र थांबलं की दोघंही एकदम रडतात. म्हणून एक लाल मोजा आणि एक टॉवेल मुद्दाम ओले मागे ठेवावेत आणि सुट्टी नाणी खिशात ठेवावीत.